दमणचा धर्मप्रांत चारशे वर्षांचा? छे, बेचाळीस वर्षांचा!

वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती ग्रुपांवर दमणच्या धर्मप्रांताबद्दल, म्हणजे तिथल्या बिशपाच्या हाताखालच्या प्रदेशाबद्दल, एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. मजकूर थोडक्यात असा: "पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये दमण घेतलं आणि तिथे धर्मप्रांत स्थापला. वसई, साष्टी, मुंबई सगळं त्याच्याखाली. १७३९ मध्ये मराठ्यांनी तो मोडला, उरलासुरला १९६१ मध्ये भारतीय सैन्याने बंद केला. चारशे वर्षांत डझनभर बिशप झाले. ते क्रांगानोरचे आर्चबिशपही असल्याने केरळसुद्धा त्यांच्याच ताब्यात होतं. गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदनामात म्हणूनच आजही दमण आहे." खाली मोटी दमणच्या बों जेझूस चर्चचा फोटो, 'स्थापना १५५९' असं लिहिलेला.

१५५९ हे साल दमण जिंकल्याचं आहे, तेवढं बरोबर. पण किल्ला घेतला म्हणजे बिशप आला असं नसतं. वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं, तरी तिथेही बिशप नव्हता. हा सगळा पट्टा गोव्याच्या आर्चबिशपांच्या हाताखाली होता. गोवा धर्मप्रांत झाला १५३० च्या दशकात आणि महाधर्मप्रांत, म्हणजे आर्चबिशपाचा प्रांत, झाला १५५० च्या दशकाच्या अखेरीस. दमणला स्वतःचा बिशप मिळाला तो थेट १८८६ च्या करारानंतर. पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगालचा राजा लुईश यांच्यात त्या वर्षी २३ जूनला तो करार झाला.

मग १७३९ मध्ये मराठ्यांनी नेमकं काय मोडलं? चिमाजी अप्पांनी वसई घेतली, ठाण्याची साष्टी त्याच्या दोन वर्षं आधीच गेली होती. चर्चची पडझड झाली, युरोपियन धर्मगुरू निघून गेले, हे खरंच आहे आणि ते झाकायचं कारण नाही. पण जो धर्मप्रांत जन्मालाच यायला अजून दीडशे वर्षं होती, तो कोणी मोडणार कसा? शिवाय मागे उरलेल्यांना कोणी वाऱ्यावर सोडलं नव्हतं. गोव्याचे देशी धर्मगुरू इथली धर्मग्रामं, म्हणजे एकेका चर्चच्या वस्त्या, सांभाळत राहिले. आंकेतिल द्युपेरों हा फ्रेंच प्रवासी १७६० मध्ये साष्टीत फिरला, तेव्हा मराठ्यांच्याच अमलात ठाण्याला चर्चचा सण उघडपणे साजरा होताना त्याने पाहिला.

खरी गोष्ट मुंबईत घडली, आणि मेसेजात नेमकी तीच नाही. पूर्वेकडचे बिशप सुचवायचा हक्क पोर्तुगालच्या राजाला होता, त्याला पाद्रुआदो म्हणत. १६२२ मध्ये रोमने प्रोपगंडा फिदे हे स्वतःचं खातं उघडलं आणि खटके उडू लागले. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांकडे गेली. लिस्बनला निष्ठा वाहणारे फ्रान्सिस्कन संघाचे पाद्री इंग्रजांना खुपायला लागले. १७२० मध्ये इंग्रजांनी या पाद्र्यांना घालवून रोमने पाठवलेल्या कार्मेलाइट संघाच्या पाद्र्यांना आणलं. पुढे सात दशकं ओढाताण चालली आणि १७९४ मध्ये शहरातली चर्चं दोन्ही पक्षांत सरळ वाटून टाकण्यात आली.

वाटणीने भांडण मिटतं होय! १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चवर हक्क कोणाचा, यावरून रोमने नेमलेले बिशप हार्टमन स्वतःला चर्चमध्ये कोंडून घेऊन बसले. बाहेर पाद्रुआदोवाल्यांचा वेढा. शेवटी इंग्रज सरकारला मध्ये पडावं लागलं. धर्माच्या नावाने कोण कोणाशी भांडत होतं ते बघा: कॅथलिक कॅथलिकांशी, कुलपाच्या किल्लीसाठी.

दमणचा धर्मप्रांत हा या भांडणावरचा तोडगा होता. मुंबईला रोमच्या बाजूचा आर्चबिशप आणि पोर्तुगालच्या बाजूला दमणचा बिशप. त्याच्या वाट्याला दमण, दीव, साष्टी, वसई आणि मुंबईतली पाद्रुआदोची चर्चं आली. नाव पोर्तुगीज दमणचं, माणसं मात्र बहुतांशी ब्रिटिश हद्दीतली. एकाच गल्लीतली दोन कुटुंबं दोन बिशपांची असायची. याच सुमारास, १८८७ मध्ये, इथल्या मूळच्या ख्रिश्चनांनी 'पोर्तुगीज' ही ओळख टाकून ईस्ट इंडियन हे नाव घेतलं, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा बिशप होता पोर्तुगालच्या पसंतीचा!

डझनभर बिशप? मोजून दोन. आंतोनियु पेद्रु दा कोश्ता १९०० पर्यंत, त्यांच्यामागून सेबाश्तियाँव जुझे परेरा १९२५ पर्यंत. परेरांनंतर कोणालाच नेमलं नाही. १९२८ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात नवा करार झाला आणि धर्मप्रांत विसर्जित झाला. ब्रिटिश हद्दीतला भाग मुंबईला गेला, पोर्तुगीज हद्दीतला गोव्याला. पोर्तुगालची समजूत काढायला मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा असं ठरलं. त्याप्रमाणे आधी लिमा आले, मग इंग्रज रॉबर्ट्‌स. ही पाळी १९५० मध्ये संपली आणि व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

तेव्हा १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य दमणमध्ये शिरलं, त्याच्या तेहतीस वर्षं आधीच हा धर्मप्रांत कागदावरून गेला होता. पदनामातलं 'दमण'ही १९२८ च्या त्याच विलीनीकरणातून आलेलं. १९६१ नंतर ते कोणी खोडलं नाही. २०२२ मध्ये कार्डिनल झालेले फिलिप नेरी फेर्रांव 'गोवा आणि दमणचे आर्चबिशप' आहेत ते त्यामुळे.

क्रांगानोर म्हणजे केरळातलं कोडुंगल्लूर. तिथलं जुनं आर्चबिशपपद पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३८ मध्ये रद्द केलं. १८८६ मध्ये कोचीन आणि मैलापूर हे धर्मप्रांत पुन्हा उभे राहिले, क्रांगानोरचा मात्र फक्त किताब उरला आणि तो दमणच्या बिशपांना मानासाठी दिला. केरळातला एकही धर्मग्राम त्यासोबत आला नाही. आपल्याकडे जहागीर गेल्यावरही नावामागे 'जहागीरदार' राहतं, तसंच.

मेसेजाच्या एका आवृत्तीत आणखी एक भर आहे: '१५८३ मध्ये साष्टीत मारले गेलेले पाच जेझुइट हे दमण धर्मप्रांताचे हुतात्मे'. ते मारले गेले कुंकळ्ळीला, म्हणजे गोव्यातल्या साष्टीत. ठाण्याची साष्टी वेगळी. नाव एक म्हणून गाव एक होत नाही, एवढं तरी पुढे ढकलणाऱ्याने पाहायला हवं होतं.

राहिला फोटो. बों जेझूसचं चर्च पुरं झालं १६०३ मध्ये. कॅथेड्रल व्हायला बिशपांचं आसन लागतं, आणि ते तिथे यायला आणखी २८३ वर्षं गेली. बेचाळीस वर्षांनी आसन उठलं आणि चर्च पुन्हा गावचं झालं.