४०१(के)चं कर्ज, गेलेली नोकरी आणि ६० दिवसांची भीती

अमेरिकेत ले-ऑफ सुरू झाले की ४०१(के), म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती-बचत खात्यातून, काढलेल्या कर्जाबद्दल एक मेसेज हमखास फिरतो: 'नोकरी सुटली की ४०१(के)वरचं कर्ज ६० दिवसांत पूर्ण फेडा. नाहीतर सगळ्या रकमेवर टॅक्स, वर १० टक्के दंड, शिवाय क्रेडिट स्कोअर खलास. वेळ पडली तर पर्सनल लोन काढा.' पगार थांबलेल्या माणसाला महागड्या व्याजात ढकलणारा हा सल्ला आहे, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवं.

आधी ६० दिवस. २०१८ आधी हे बरंचसं खरं होतं. २०१७च्या करकायद्याने ते बदललं. तुमचे हप्ते नियमित चालू असताना नोकरी सुटली आणि त्यानंतर १२ महिन्यांच्या आत प्लॅनने कर्जाची बाकी रक्कम तुमच्या शिलकीतून वळती केली, म्हणजे 'लोन ऑफसेट' केला, तर टॅक्स टाळण्यासाठी तेवढे पैसे आयआरएत (स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यात) किंवा नव्या कंपनीच्या प्लॅनमध्ये भरायला त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत वेळ मिळतो, मुदतवाढ धरून. ऑफसेट २०२५च्या नोव्हेंबरमध्ये झाला असेल, तर १५ ऑक्टोबर २०२६पर्यंत. प्लॅनच्या पत्रात ६० किंवा ९० दिवसांची तारीख असू शकते, पण ती प्लॅनला परतफेड करण्याची. ती हुकली तर ऑफसेट होतो. टॅक्स टाळण्याची संधी तिथे संपत नाही.

'पूर्ण फेडा' हेही चूक. १८,००० डॉलर बाकी असताना ७,००० च जमले, तर ७,००० भरा. टॅक्स उरलेल्या ११,००० वर लागेल. आणि बरेच प्लॅन नोकरी सुटल्यावरही बँक खात्यातून हप्ते चालू ठेवू देतात. हे आधी विचारा. मात्र हप्ते चालू असताना उरलेली शिल्लक घाईने आयआरएत हलवू नका. खातं रिकामं झालं की कर्जाचा बहुधा ऑफसेटच होतो.

दंड सगळ्यांना नसतो. ज्या वर्षी तुम्ही ५५चे होता त्या वर्षी किंवा नंतर ती नोकरी सोडली असेल, तर १० टक्के लागत नाहीत, एरवी दंड टळण्याचं वय असलेली ५९½ वर्षं पूर्ण झाली नसली तरी. नेहमीचा टॅक्स मात्र लागतो. दंड लागत असेल तर कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी राज्याचा वेगळा २.५ टक्के दंडही हिशेबात धरावा.

क्रेडिट स्कोअरचं तर काहीच नाही. हे कर्ज क्रेडिट ब्युरोकडे कळवलंच जात नाही.

खरा धोका त्या मेसेजमध्ये नाहीच. नोकरीत असतानाच हप्ते थकून, त्यासाठीची सवलतीची मुदतही उलटून गेली असेल, तर ते 'डीम्ड डिस्ट्रिब्युशन' ठरतं, म्हणजे कर्जाचे पैसे तुम्ही काढून घेतले असं मानलं जातं, आणि ते आयआरएत भरून टॅक्स वाचवता येत नाही. ऑफसेट नोकरी सुटल्यापासून १२ महिन्यांनंतर झाला, तर मात्र जुनेच ६० दिवस लागू होतात. म्हणून फॉर्म १०९९-आर (खात्यातून निघालेल्या पैशांची टॅक्ससाठीची नोंद) आला की बॉक्स ७ पाहा. 'एम' असेल तर लांबची मुदत तुमची आहे. 'एल' म्हणजे डीम्ड. हप्ते शेवटपर्यंत नियमित असूनही 'एल' आला असेल, तर रिटर्न भरण्याआधी प्लॅनकडून फॉर्म दुरुस्त करून घ्या.