वेढे, चुंबक आणि आपला आक्षेप

सप्रेम नमस्कार. घरगुती भूकंपमापकात बिजागरीवर आडवा झुलणारा दांडा असतो; त्यावरची कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, चुंबकांमधल्या फटीत हलली की तिच्यात विद्युतदाबाचा संकेत उमटतो. या कॉइलसाठी मी ०.२ मिलिमीटर व्यासाच्या तारेचे ८०० वेढे सुचवले होते आणि ‘जास्त वेढ्यांनी काही साधत नाही’ असे लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की त्याच रिळावर ०.१ मिलिमीटरची तार गुंडाळली तर चौपट वेढे बसतात आणि संकेतही चौपट होतो. शिवाय एकच मोठे निओडायमियम चुंबक दांड्याच्या टोकाला लावून कॉइल खाली स्थिर ठेवावी, म्हणजे हलत्या जोडतारांची कटकट उरत नाही.

पहिला मुद्दा निम्मा बरोबर आहे. विद्युतदाब चौपट होतो, पण तार चौपट लांब आणि छेदाने चतुर्थांश झाल्यामुळे रोध सोळापट होतो. एका वेढ्याची लांबी सरासरी १२ सेंटीमीटर धरली, तर माझ्या कॉइलचा रोध सुमारे ५३ ओहम येतो आणि आपल्या कॉइलचा सुमारे ८४० ओहम. रोधातून उमटणारा औष्णिक गोंगाट (उष्णतेमुळे संकेतात मिसळणारी खळबळ) रोधाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे तोही चौपट. त्यामुळे निव्वळ कॉइलपुरते पाहिले तर दोन्ही सारख्याच. अवमंदनाचेही (कॉइलमधल्या विद्युतप्रवाहामुळे दांड्याचे झोके शमण्याचेही) तेच, कारण ते विद्युतदाबाच्या वर्गाला रोधाने भागून ठरते. खरा फरक पडतो तो तांब्याच्या आकारमानाने आणि त्यातले किती तांबे चुंबकांच्या फटीत आहे याने.

मात्र कॉइलचा संकेत मोठा करणाऱ्या साध्या प्रवर्धकाचा स्वतःचा गोंगाट माझ्या कॉइलच्या गोंगाटाहून कितीतरी जास्त असतो, आणि तिथे आपली बारीक तार सरस ठरते. हे मी लिहायला हवे होते. ‘जास्त वेढ्यांनी काही साधत नाही’ हे माझे वाक्य चुकलेच. पण याहून बारीक तार घेऊ नये, कारण ती गुंडाळताना तुटते आणि वाढलेल्या रोधामुळे घरातल्या विजेची गुणगुण अधिक पकडली जाते.

चुंबकाच्या बाबतीत मात्र मी मत बदलणार नाही. समान क्षेत्रात सगळी कॉइल बुडलेली असेल तर ती कितीही हलली तरी तिच्यातला चुंबकीय प्रवाह बदलत नाही आणि दाब शून्यच येतो. म्हणून चार चुंबके लागतात: कॉइलची एक बाजू एका दिशेच्या क्षेत्रात आणि दुसरी बाजू उलट दिशेच्या क्षेत्रात असावी, आणि मागे लोखंडी पट्ट्या असाव्यात, म्हणजे क्षेत्र बाहेर सांडत नाही. दांड्यावर बसवलेले उघडे चुंबक होकायंत्राच्या सुईसारखे वागते. ज्या लोलकाचा, म्हणजे या झुलत्या दांड्याचा, आवर्तकाल (एका पूर्ण झोक्याचा वेळ) १५-२० सेकंद आहे त्याला मूळ जागी आणणारे बल इतके क्षीण असते, की जवळ सरकलेली लोखंडी खुर्चीसुद्धा त्याचा मध्य हलवते. माझ्या पहिल्या सांगाड्यात पितळी म्हणून घेतलेले स्क्रू आतून पोलादी निघाले. कॉइलच्या चौकटीत बसवलेले तेवढे दोनच स्क्रू, पण दांडा फटीच्या कडेला जाऊन चिकटून बसला आणि मी दोन संध्याकाळ बिजागरीलाच दोष देत राहिलो.

कॉइल पुरेशी आहे का, हे पाहायला उपकरण लागत नाही. तिची टोके मोकळी ठेवून दांडा हलकेच ढकलावा आणि झोके मोजावेत. मग टोके एकमेकांना जोडून पुन्हा ढकलावे. दुसऱ्या वेळी दांडा एखाद्या झोक्यात थांबला नाही, तर वेढे वाढवण्यापेक्षा फट कमी करावी.

जोडतारांच्या ताणाची तक्रार मात्र रास्त आहे. मी त्या दांड्यावरून मागे नेऊन बिजागरीच्या अगदी जवळून, केसाएवढ्या बारीक तारेचे सैल वळण देऊन बाहेर काढतो.