फुवा, तुम्ही मरेल शेतस!

अधिक महिन्यात जावयाला सासरी बोलावतात, धोंड्याचं जेवण घालतात, नवे कपडे करतात, ताट-निरांजन देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. जेवण झाल्यावर त्याच जावयाचं काय करतात, हे कुठल्याही पोथीत सापडायचं नाही. आमच्या सासुरवाडीला त्याला टीव्हीसमोर बसवतात आणि बदल्याचा पिक्चर लावतात.

मी धुळ्याचा. सासुरवाडी चोपड्याकडची, केळीच्या पट्ट्यातली, बोली अहिराणी. 2018 साली अधिक ज्येष्ठ आला तो ऐन मे महिन्यात. पारा 45 च्या वर. सासूबाईंनी आमरस आणि खापरावरचे मांडे केले होते, शिवाय धोंडे. मांडा ही वस्तू खाण्याच्या नव्हे, पांघरायच्या मापाची असते. तसे तीन मी पोटात घातले, चौथा सासूबाईंनी "जवाई लाजतस" म्हणत वाढला. यानंतर माणूस पळू शकत नाही. पळाला तरी बाहेर झळा. आत कूलर, आणि कूलरच्या समोर आबा.

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या घरात दुपारी एक ते चार सूड असतो. कूलर ट्रॅक्टरसारखा आवाज करतो, म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण वर. गल्लीत नवखा माणूस आला तर त्याला वाटावं, या घरात भाऊबंदकी फार विकोपाला गेली आहे.

"जवाई, आते दखा मज्या," आबा म्हणाले.

पिक्चरचं नाव सांगता येणार नाही. ते कुणालाच सांगता येत नाही. आग, लोहा, शेर, इन्साफ अशा पाचसहा शब्दांतले कुठलेही दोन उचलून ते ठेवलेलं असतं. पहिल्या दहा मिनिटांत बाप मेला. विसाव्या मिनिटाला आई खोकू लागली. आई खोकली की समजायचं, मध्यंतरापर्यंतच आहे. खलनायक पाचजणांचा. पाचही जण मिळून एकाच सोफ्यावर बसतात, कारण सेटवर सोफा एकच असतो. त्यातला एक अर्ध्या तासाने इन्स्पेक्टर होऊन परत आला. मिशी बदलली होती, चप्पल तीच.

मी हळूच म्हटलं, "आबा, हा मघाशी गुंड होता ना?"

आबा शांतपणे म्हणाले, "सुधरना व्हई."

आबांचं दैवत मिथुन. 1990 च्या दशकात मिथुन चक्रवर्ती मुंबई सोडून उटीला जाऊन राहिले, तिथं त्यांनी हॉटेल काढलं, आणि छोटे निर्माते अख्खं युनिट घेऊन तिथंच उतरायला लागले. राहणं तिथं, जेवण तिथं, शूटिंग तिथं, पिक्चर झटपट डब्यात. हे कळल्यावर माझं एक जुनं कोडं सुटलं. गाव बिहारचं, ठाकूर राजस्थानचा, मागे मात्र निलगिरीची झाडं, आणि भर उन्हाळ्यात डाकूच्या तोंडातून थंडीची वाफ. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बरं शे ना. त्या बिचारासले गारवा."

दोष काढायला बसलं तर दुपार पुरत नाही, आणि दोष काढण्यातच माझ्या दुपारी गेल्या. दरीत पडताना पांढरी असलेली मोटार तळाला पोचेपर्यंत जुनी फियाट झालेली असते, कारण जाळायला तीच परवडते. गोदामात सगळीकडे पुठ्ठ्याचे रिकामे खोके रचलेले. कुणाचा कसला धंदा आहे पत्ता नाही, पण मारामारी खोक्यांतच. पुढं कळलं की उंचावरून पडणाऱ्या स्टंटवाल्याला झेलायला रिकामे खोकेच रचतात, गादीपेक्षा स्वस्त. म्हणजे ते खोके कथेसाठी नव्हतेच, माणसासाठी होते. त्या दिवसापासून मी खोक्यांना हसणं सोडलं. स्लो मोशनचंही तसंच. खरा स्लो मोशन हवा तर कॅमेऱ्यातून सेकंदाला 24 ऐवजी 48 फ्रेम ओढाव्या लागतात, म्हणजे रीळ दुप्पट जळतं. निर्माता म्हणतो साधंच काढ, नंतर ताणू. मग हिरो उडी मारतो ती आमच्या एसटीने तिसरा गिअर टाकल्यासारखी, हिसके देत.

अधिकाचं वाण 33 चं असतं, अनारसे मोजून 33. त्या दिवशी हिरोनंही तोच नेम धरला असावा. मी मोजले. 31 भरले, दोघं पळाले.

एका गोष्टीला मात्र हसू येत नाही, ती म्हणजे हिरोची बहीण. ती राखी बांधते, गाणं म्हणते आणि लगेच तिच्यावर जे व्हायचं ते होतं, कारण त्याशिवाय भाऊ पेटत नाही. तिचं पुढं काय झालं हे दिग्दर्शक विचारत नाही. कॅमेरा मात्र त्या प्रसंगापाशी गरजेपेक्षा जास्त रेंगाळतो, आणि खोलीतले सगळे एकदम पंख्याकडे बघायला लागतात. बायको माजघरातून म्हणाली, "बहिणीच्याच हातात कोयता दिला असता तर अर्ध्या तासात पिक्चर संपला असता." आबांनी आवाज कमी केला. इतक्या वर्षांत त्यांनी आवाज कमी केलेला मी तेवढाच पाहिला.

मग आबा हे का बघतात? या प्रश्नाचं उत्तर घराच्या मागच्या दारातून दिसतं. मागे केळीचा मळा, मळ्याच्या कडेला बांध, आणि बांधापलीकडे नाना. नाना आबांचे चुलत भाऊ. बांध आबांच्या म्हणण्याप्रमाणे दीड हात इकडे सरकला आहे, नानांच्या म्हणण्याप्रमाणे दोन हात तिकडे. दावा चालू आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा चालू होता, मुलगी दहावीला गेली तेव्हाही चालू होता. आबा कापडी पिशवीत कागद घेऊन तारखेला जातात, पुढची तारीख घेऊन येतात, आणि एक वाजता टीव्ही लावतात. शेवटच्या रिळात हिरो खलनायकाला त्याच्याच अड्ड्यात गाठतो तेव्हा आबा खुर्चीत पुढं सरकतात. "दखा जवाई. तारीख नही, वकील नही, एक दिनमा निकाल."

त्यांचं एकच गाऱ्हाणं आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचं कलम 302 चं 103 झालं. "दफा तीनसौ दो म्हनाले कितला जोर व्हता," आबा म्हणतात. खरंच आहे. "एकसौ तीन" म्हटलं की कुणीतरी थर्मामीटर बघून सांगतोय असं वाटतं.

आता माझी चूक. बायकोचा भाचा तेव्हा शाळेत होता, आमच्यासोबत बसून पिक्चर बघायचा आणि "फुवा, असं कसं काढतात?" असं विचारायचा. फुवा म्हणजे आत्याचा नवरा. फुवा म्हटलं की मला ज्ञान फुटतं. मी त्याला सांगितलं, अमेरिकेतल्या रॉबर्ट रॉड्रिगेझ नावाच्या पोरानं 1992 साली साधारण सात हजार डॉलरमध्ये अख्खा मारधाडीचा पिक्चर काढला. पैशासाठी औषधाच्या चाचणीत स्वतःचं शरीर भाड्यानं दिलं, आणि कॅमेरा फिरवायला चाकाची खुर्ची वापरली. एवढ्या लांब कशाला, आपल्या शेजारी मालेगावला नासिर शेख यांनी 2000 साली यंत्रमागावरच्या माणसांना घेऊन मालेगावचा 'शोले' काढलाच की. तिथले लोक सायकलवर आणि बैलगाडीवर कॅमेरा चढवतात.

पोरगा गप्प बसला. गप्प बसलेलं पोर धोक्याचं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

2023 साली अधिक श्रावण आला. जुलै-ऑगस्टची झड, मळ्यात चिखल. मी नव्या पांढऱ्या शर्टात धोंडे खाऊन उठतो तोच भाचा मोबाईल आणि सेल्फी स्टिक घेऊन समोर उभा. बदल्याचा पिक्चर काढायचा होता, अहिराणीत. हिरो तो स्वतः. बजेट दोन हजार, त्यातले अकराशे आबांनी दिलेले.

"फुवा, तुमना रोल मोठा शे. तुमनावर पिक्चर उभा शे."

रोल असा, की पहिल्या दृश्यात मला मारतात.

रक्त सासूबाईंच्या नकळत स्वयंपाकघरात तयार झालं होतं. साखरेचा पाक, खायचा लाल रंग, घट्टपणाला थोडा मैदा. चव चांगली होती. मला केळीच्या दोन ओळींमध्ये आडवं केलं आणि छातीवर वाटीभर ओतलं. मुठीएवढ्या जाडीची केळफुलं डोक्यावर लोंबत होती. तेवढ्यात शालक पाठीमागून ओरडला, "ठिबकनी नळीवर कोन पाय दी राह्यना रे!" मारेकऱ्यांनी माफी मागितली आणि नळ्या ओलांडून परत मला मारायला आले. कोयता माझ्यावर नाही, शेजारच्या घड काढून झालेल्या खोडावर मारायचा होता. खोडात कोयता बसला की मान तोडल्यासारखा 'खच्च' असा ओला आवाज येतो, मुंबईच्या स्टुडिओत पैसे देऊन मिळायचा नाही असा. त्याबरोबर खोडातला चीक माझ्या शर्टावर उडाला.

मी मेलो. बरा मेलो असं नंतर सगळे म्हणाले.

पण साखरेच्या पाकाचं रक्त सांडून श्रावणात मळ्यात आडवं झालं की पहिले प्रेक्षक मुंगळे येतात. एक आला, त्यानं चव घेतली आणि घरच्यांना बोलवायला गेला. मी कूस बदलली.

"फुवा, हालू नका! तुम्ही मरेल शेतस!"

"अरे, मुंगळे!"

"मरेल मानूसले मुंगया लागतीसच. खरं वाटी."

याला काय उत्तर देणार? मी डोळे मिटून पडलो. आणि तेवढ्यात विहिरीकडून आरोळी आली, "लाईट उनी! लाईट उनी!" बटाईदाराला रात्रीच्या पाळीची लाईट अवचित दुपारी सापडली होती. हिरो, दोन्ही मारेकरी, कॅमेरामन आणि शालक मोटर चालू करायला धावले. पावसाळ्यात मोटर कशाला, हा प्रश्न मलाही पडला, पण लाईट आल्यावर धावायचं हे इकडे अंगातच भिनलेलं आहे. मी तिथंच. कट म्हणायला कुणी राहिलं नव्हतं. दहाएक मिनिटांनी सासूबाई केळीची पानं न्यायला आल्या. जावई रक्तात पडलेला, छातीवर मुंगळे. त्यांनी हातातला विळा टाकला. मग रंगाचा वास घेतला, डोळे मिचकावणारा मी दिसलो, आणि त्यांचा आवाज पार तापीपर्यंत गेला असेल. "अधिक महिनामा जवाईले मारतस का रे, मेल्याहो!"

खलनायक कोण करणार, हा पेच होता. भरघोस मिशा, बुलेट आणि पडवीत सोफा असलेला गावात एकच माणूस, बांधापलीकडचे नाना. भाचा विचारायला गेला तेव्हा घरात कुणी जेवलं नाही. नाना तासाभरात हजर. धोतर-टोपी काढून सफारी चढवलेला, डोळ्यावर नातवाचा काळा गॉगल. मोबदला म्हणून दोन वेळची शेवभाजी मागितली, तीही तिखट.

शेवटचं दृश्य बांधावरच घ्यायचं ठरलं. हिरो नानांना गोळ्या घालतो आणि नाना बांधावर कोसळतात. आबांनी खुर्ची मागवली. मळ्यात, चिखलात, प्लास्टिकची खुर्ची. नाना पहिल्यांदा पडले ते टोपी सांभाळत, सवयीनं, डोक्यावर टोपी नसताना. आबा म्हणाले, "बरोबर मरना नही. आखो एक डाव." नाना दुसऱ्यांदा मेले. आबांना हात पसरलेले पटले नाहीत. तिसऱ्यांदा पाय पटला नाही. पाचव्या वेळी नाना स्वतःच उठून म्हणाले, "भाऊ, इतल्या गोया लागन्यात, मी थोडा लोळू का?" आबांनी परवानगी दिली. नाना लोळले, लोळत लोळत बांधाच्या आबांच्या बाजूला आले आणि तिथं प्राण सोडला.

आबा उठून उभे राहिले. "दखा, मरतानाबी मना आंगे सरकना!"

सातवा टेक पास झाला. मग सगळे पडवीत बसून शेवभाजी खायला बसले, आबा एका टोकाला, नाना दुसऱ्या टोकाला. मधे मी, अंगभर मुंगळ्यांच्या गांधी.

पिक्चर तेवीस मिनिटांचा झाला. आवाजात वारा जास्त आणि संवाद कमी. मी मेल्यावर दोनदा श्वास घेतो, हे बायकोच्या ऑफिसमधल्या सगळ्यांनी मोबाईलवर थांबवून बघितलं. आबांनी तो टीव्हीला जोडून घेतला आहे आणि आल्यागेल्याला शेवट दाखवतात. लोक विचारतात, दावा मिटला का? दावा कुठं मिटतो? मागच्या तारखेलाही दोघं आपापली पिशवी घेऊन गेले होते. फरक पडला तो वकिलांना. नानांच्या वकिलांनी पिक्चर बघितला आहे आणि ते आबांना दिग्दर्शक म्हणतात.

परवा भाच्याचा फोन आला. 17 मे 2026 पासून अधिक ज्येष्ठ लागतोय, जमिनीत पाय ठेवता येणार नाही असं ऊन असणार, आणि भाग दोन काढायचा आहे.

"पण मी मेलो ना रे पहिल्या भागात?"

"तुम्ही जुळा भाऊ शेतस. तेच्या बदला ल्येवाले येतस."

मी बायकोकडे बघितलं. फोन स्पीकरवर होता. रक्ताचा रंग दोन धुण्यांत गेला, पण केळीचा चीक गेला नाही. तो शर्ट तिनं कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत टाकला होता, पुसायचं फडकं करायला म्हणून. ती स्टूल घेऊन चढली होती.

"आणि फुवा," फोनमधून आवाज आला, "तो डागवाला शर्ट फाडू नका. फ्लॅशबॅक शे."