झाड लावाले पैसा, जगाडाले कोन?

परवा फॅमिली ग्रुपवर पुन्हा पेटलं. धाकट्या भावाने टाकलं की सरकारने शेतीतल्या वृक्ष लागवडीचं बजेट दहापट करावं, त्यावर खानदेशातल्या पारोळ्याच्या आप्पांची व्हॉइस नोट, एकच वाक्य, "झाड लावाले पैसा देतस भो, जगाडाले कोन देस?" म्हणजे लावायला पैसे देतात, जगवायला कोण देतं? मी मधे जर्मनीचं काढलं तर सगळे तुटून पडले, तुला काय, तिकडे बारा महिने पाऊस.

पडत नाही हो तेवढा. मी राहतो ते ब्रँडेनबर्ग रेताड आणि कोरडं, वाऱ्याने माती उडू नये म्हणून काही शेतांत पिकाच्या मधून पॉप्लर झाडांच्या पट्ट्या असतात. सरकार त्या पट्टीचे हेक्टरी पैसे दरवर्षी देतं, पण झाड उभं असलं तरच. कौतुक फार नको, 2023 ला 60 युरो ठेवले, टार्गेट 25 हजार हेक्टरचं आणि शंभरसुद्धा भरले नाहीत, मग 2024 ला 200 केले. रोपं लावायचा खर्च त्यात धरलेलाच नाही.

तरी उभ्या झाडाचे पैसे ही गोष्ट मला पटते. आपल्याकडे 2019 ला 33 कोटी झाडांचा आकडा गाजला, त्यातली किती जगली यावर ग्रुपात अजून भांडण होतं. 'हर मेढ पर पेड' या बांधावर झाडं लावायच्या केंद्राच्या योजनेत अनुदान चार वर्षांत 40, 20, 20, 20 टक्के असं होतं, म्हणजे जगवायचा विचार कागदावर होता, पण नंतर ती योजना राष्ट्रीय कृषी विकास योजनेत गेली आणि भर आला चांगल्या रोपांवर, म्हणजे परत नर्सरीच. उलट राज्याच्या फुंडकर फळबाग योजनेत दुसऱ्या वर्षी कोरडवाहूला 80 टक्के झाडं जिवंत लागतात, नाहीतर पुढचा हप्ता नाही. आंब्याला ही अट चालते तर बांधावरच्या निंबाला का नाही? फक्त हप्ता उलटा करा, जुलैत लावताना कमी आणि तिसऱ्या उन्हाळ्यात जास्त.

मे मधे गेलो तेव्हा आप्पांचा बांध बघितला. 44 डिग्री, वीस निंबांपैकी सात उरलेले, प्रत्येकाभोवती बाभळीच्या काट्या, बुडाशी पुरलेलं मडकं, आणि आप्पा सायकलला दोन कॅन लटकवून पाणी आणत होते. त्यात शेजारच्याची कटकट की सावलीने माझी कपाशी दबते, बांध अर्धा माझा आहे. साग का नाही लावला विचारलं तर म्हणाले, स्वतःच्या वावरातला साग तोडायला वन खात्याची परवानगी काढत कोण फिरेल.

बजेट वाढवायचंच तर त्या दोन कॅनसाठी वाढवा आणि ती परवानगी सोपी करा, मग आप्पासारखे लोक आपसूक लावतील. रोपं फुकट वाटायची गरजच नाही, निंबोळ्या काय पायाखाली पडल्यात.

हे लिहीत होतो तेवढ्यात आप्पांचा फोटो आला. एक निंब शेळीने खाल्ला. आता सहा.