उत्तर : हंड्यातले पाणी ओढायचे नसते

सप्रेम नमस्कार.

साडेपाच फुटी घरगुती हुक्क्यावरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे असे की, २० लिटर पाण्यातून धूर ओढायला हत्तीची छाती लागेल, म्हणून ही वस्तू दिवाणखान्यात मिरवण्यापुरतीच आहे. दुसरे, ‘पाण्यातून धूर स्वच्छ होऊन येतो’ हे माझे वाक्य दिशाभूल करणारे आहे. आणि तिसरे, राज्यात हुक्क्यावर बंदी असताना असले लेखन करू नये. दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, तिसरा अर्धा, पहिला मात्र मुळीच नाही.

हुक्का ओढताना तळाच्या हंड्यातले पाणी उचलावे लागत नाही. आपण झुरका घेतो तेव्हा पाण्यावरच्या पोकळीतला दाब उतरतो, चिलमीकडची हवा तिथून पाण्यात उतरणाऱ्या उभ्या नळीत शिरलेले पाणी खाली रेटत नेते, आणि ते नळीच्या टोकापर्यंत उतरले की पहिला बुडबुडा फुटतो. त्यामुळे जोर किती लागणार हे टोक पातळीखाली किती बुडाले आहे एवढ्यावरच ठरते. ते ३ सेंटिमीटर बुडालेले असेल तर तेवढ्याच उंचीच्या पाण्याइतका दाब पुरतो, मग खाली पाणी तांब्याभर असो की पिंपभर.

माझी खरी चूक वेगळी होती आणि ती आपल्या नजरेतून सुटली. कसबा पेठेतल्या तांबट आळीतून मठारकामाचा २४ लिटरचा हंडा आणला आणि तो अर्धाच भरला. वर १२ लिटर पोकळी राहिली. एका झुरक्यात अर्धा लिटर हवा येते असे धरले, तर ती पोकळी एकदा पालटायला २४ झुरके लागतात. सुरुवातीला तोंडात जवळजवळ नुसती हवाच येत होती, आणि पुढे जो धूर आला तो शिळा, जिभेला कडू लागणारा. त्यातून उभी नळी १४ सेंटिमीटर बुडलेली, म्हणजे गाल आत जाईपर्यंत ओढा! (हत्तीची उपमा त्या दिवसापुरती आपल्याला बहाल.) मग पाणी २० लिटरपर्यंत वाढवले आणि नळी कापून फक्त ३ सेंटिमीटर बुडेल एवढी ठेवली. हंडा तांब्याचा, आतली पातळी बाहेरून दिसत नसल्यामुळे बांबूच्या कामटीवर खाच पाडून तीच मापाला वापरतो. उरलेली ४ लिटरची पोकळी याहून कमी करण्यात अर्थ नाही, कारण मग बुडबुड्यांचे शिंतोडे ओढायच्या नळीत शिरतात.

उभ्या नळीच्या ४ फूट लांबीचीही आपल्याला धास्ती वाटते. पण तिचा आतला व्यास अर्धा इंच आहे आणि तिच्यात जेमतेम १५० मिलिलिटर हवा मावते. शोभेच्या मोहाने सव्वा इंची घेतली असती, तर जवळपास लिटरभर हवा तिथेच अडकली असती.

‘स्वच्छ’ हा शब्द मी लेखातून काढला आहे. पाण्याने धूर थंड होतो आणि काही अंश विरघळतो, पण कोळशातून येणारा कार्बन मोनॉक्साइड तसाच पुढे जातो. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच सांगितले आहे की, तासाभराच्या एका बैठकीत हुक्क्यातून १०० किंवा त्याहून अधिक सिगारेटींइतका धूर छातीत जाऊ शकतो. धूर थंड असल्यामुळे खोल झुरका घेववतो, हेच त्यातले वाईट.

कायद्याबाबत इतकेच की, महाराष्ट्राने तंबाखूविषयक कायद्यात २०१८ मध्ये केलेली दुरुस्ती हुक्का पार्लर उघडण्या-चालवण्यावर आहे. तरीही आपल्या आक्षेपात तथ्य आहे, कारण लेख वाचून एका रिसॉर्टवाल्याने असाच हुक्का करून मागितला; त्याला मी नकार कळवला आहे.

राहता राहिली गळती, म्हणजे झुरक्याबरोबर भलतीकडून आत शिरणारी हवा. ती ओढायच्या लांब नळीत असावी हा आपला तर्क मी तपासून पाहिला. चिलीम काढून उभ्या नळीच्या तोंडावर तळहात घट्ट दाबला आणि झुरका घेतला, तरी हवा येतच राहिली. लांब नळी काढून तिचे दुसरे टोक बोटाने बंद केले, तेव्हा मात्र काहीच आले नाही. गळती हंड्याच्या तोंडाशी होती. तिथली फट बुजवणाऱ्या ओल्या चिंध्या वाळल्या की सैल पडत. आता सायकलच्या ट्यूबची पट्टी तीन वेढे गुंडाळली आहे, आणि तळहात ठेवला की तो नळीला चिकटून बसतो.