परवाना काढा, वजन वाढवा

समाजात वजन वाढवायचे जुने मार्ग आता चालत नाहीत. डिग्री सगळ्यांकडे असते, गाडी हप्त्यावर कोणालाही मिळते, आणि गळ्यातली साखळी खरी की खोटी हे सोनारालाही लांबून कळत नाही. तेव्हा तुमच्यासारख्या होतकरू माणसानं सरळ शस्त्र परवाना काढावा. रिव्हॉल्व्हर किलोभराचंही नसतं, पण कमरेला लागलं की माणसाचं वजन कुठल्या कुठे जातं. हे ऐकीव नाही. परवाच्या रविवारी मी प्रात्यक्षिक पाहिलंय, त्याचं पुढे सांगतो.

सुरुवात अर्जापासून. एकवीस वर्षं पूर्ण हवीत आणि ‘जिवाला धोका’ हवा. धोका नसेल तर तयार करा. मित्राला फोनवरून दोन शिव्या द्यायला सांगा, ठाण्यात जाऊन एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवा, कागद फाईलला लावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात चौदावं कलम आहे, त्यात परवाना कधी नाकारायचा ते लिहिलंय. सार्वजनिक शांततेला धोका वाटला तर नाकारता येतो. ते वाचून झोप उडवून घेऊ नका. मस्साजोगच्या सरपंचांचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला, तेव्हा कुठे बीड जिल्ह्यातल्या परवान्यांची यादी लोकांसमोर आली. हजारावर परवाने. गुन्हे नोंद असलेलेही त्यात होते. मग परवाने रद्द करायला सुरुवात झाली. म्हणजे आधी ते दिले कोणी, हे विचारू नका. आपण अर्जदार, आपण नम्र राहावं.

कारण म्हणून शेती मात्र चुकूनही लिहू नका. सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याकडे वाडवडिलांपासूनची ठासणीची बंदूक असते, भातात आणि नाचणीत घुसणाऱ्या डुकरांसाठी. तिच्या नूतनीकरणासाठी तो बिचारा तालुका आणि जिल्हा करत राहतो. निवडणूक जाहीर झाली की बंदूक ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. रानडुकरांना आचारसंहिता लागू नसल्यानं त्यांचा प्रचार मधल्या काळातही चालूच. ज्याला बंदूक खरंच लागते त्याचे हे हाल आहेत, म्हणून म्हणतो, गरज दाखवण्यापेक्षा ओळख दाखवा.

शस्त्रं दोनच ठेवता येतात. २०१९ पर्यंत तीन चालायची, हा मोठाच अन्याय झालाय. एक कमरेला, एक गाडीत, यात भागवा.

फोटो गाडीच्या बॉनेटवर टेकून, काळा चष्मा लावून, शर्ट किंचित वर.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर २०१६ च्या शस्त्र नियमांनी ते सक्तीचं केलंय, पण तुम्हाला हवंय सर्टिफिकेट, येणं-न येणं गौण. १ ऑक्टोबर २०२४ ला जुहूत एका नामवंत अभिनेत्याच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. स्वसंरक्षणाच्या हत्यारापासून स्वतःचं संरक्षण कसं करायचं, याचाही कोर्स लवकरच निघेल.

कोणी आडवं आलं तर हक्काची भाषा बोला. अमेरिकेतल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचं नाव घ्या, १७९१ सालची आहे, समोरचा गप्प बसतो. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्यानं आम्हाला निःशस्त्र केलं हेही सांगा, ते खरंच आहे. काँग्रेसनं १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता, हेही खरं. फक्त त्यात ‘नियमांच्या अधीन राहून’ होतं, तो भाग घशात ठेवा. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत सदस्य ह. वि. कामतांनी हा हक्क राज्यघटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली आणि ती मंजूर झाली नाही, हा भाग तर गिळूनच टाका. एकोणिसाव्या अनुच्छेदानं आपल्याला सभेचा हक्क दिलाय, तो शांततेनं आणि शस्त्राशिवाय जमण्याचा. हे वाक्य सोसायटीच्या सभेत कोणी वाचून दाखवत नाही, काळजी नसावी.

आणि आता मुख्य धडा. हत्यार काढायचं कुठे? दरोडेखोरासमोर? छे! त्याच्याकडेही असू शकतं. हत्यार काढायचं ते वार्षिक सभेत.

रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेत विषय होता थकबाकी आणि जिन्याखाली लावलेली तिसरी गाडी. एक सन्माननीय सभासद उशिरा आले, पुढच्या खुर्चीत बसले, शर्ट वर केला, पट्ट्यातून रिव्हॉल्व्हर काढलं आणि टेबलावर ठेवलं. हजेरीची वही आणि बिस्किटांची बशी, त्यांच्या बरोबर मध्ये. म्हणाले, “बसताना टोचतं हो.” एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी नाही, धमकी नाही. उलट पलीकडच्या काकूंना “चहा घ्या ना” म्हणाले.

आमचे सचिव पाण्याच्या टँकरच्या बिलावर अर्धा तास भांडणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला, परत पुसला आणि ‘व्याज माफ, सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलं. तिसऱ्या गाडीचा विषय ‘वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला’. वेळेअभावी! सभा पंचवीस मिनिटांत संपली होती! ज्या काकू दर सभेत गाडीवरून उभ्या राहतात, त्यांनी बशीतलं बिस्किट उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला, कारण नळीचं तोंड त्यांच्याकडे होतं. कोणी म्हणालं नाही, “साहेब, ते आत ठेवा.” मीही नाही. पायऱ्या उतरताना मात्र सगळे कुजबुजत होते. एकजण तर कौतुकानं विचारत होता, “बत्तीस बोअरचं होतं ना?”

लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारेही याच कुळातले. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवलीय. वर गेलेली गोळी खाली कुठेतरी येतेच, पण तोवर वरात पुढच्या चौकात गेलेली असते आणि नवरदेवाचे मामा व्हिडिओ पाठवत असतात.

आता सल्ले बंद. स्वसंरक्षण या शब्दामागे लपणाऱ्यांनी कायदा एकदा वाचावा. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४, लहानसं प्रकरण आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल, बलात्काराचा, अपहरणाचा, अ‍ॅसिडचा हल्ला असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हक्क आहे. तुमच्या हातात काठी असो की पिस्तूल. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायचा तर नाहीच नाही. यात थकबाकी कुठे बसते? पार्किंग कुठे बसतं? सार्वजनिक ठिकाणी हत्यार मिरवलं तर परवाना रद्द होऊ शकतो, हे २०१६ च्या नियमांतच आहे. ज्याच्या जिवाला खरा धोका असतो तो हत्यार लपवून बाळगतो, कारण त्याला ते वापरावं लागण्याची भीती असते. तुम्हाला फक्त ते न दिसण्याची भीती आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत उल्हासनगरला पोलीस ठाण्यातच गोळ्या झाडल्या गेल्या. आठवडा व्हायच्या आत दहिसरला गोळीबार झाला, तिथलं पिस्तूल गोळ्या झाडणाऱ्याच्या अंगरक्षकाचं, परवान्याचं होतं. तरी शिफारसपत्र देणारे देतात, सही करणारे सही करतात, आणि आपण “भाऊंकडे लायसन आहे” असं अभिमानानं सांगतो. लाज वाटायला हवी. त्यांना आणि खाली मान घालून बिस्किटं मोजणाऱ्या आपल्यालाही.

मी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देणार आहे. सचिवांनी इतिवृत्तात रिव्हॉल्व्हरचा उल्लेख केलेला नाही, तो त्यांनी करावा, असंही पत्र देतोय. जिन्यात कुजबुजणाऱ्यांपैकी खाली सही कोण कोण करतंय ते शनिवारपर्यंत कळवा.