सारंगखेड्याला घोडा घेताय? इसार देण्याआधी रक्त काढून ठेवा

दत्तजयंती जवळ आली की शहादा-दोंडाईचाकडे सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या गप्पा सुरू होतात. तापीकाठी लाखांचे सौदे होतात. घेणारा दात पाहतो, शुभ मानला जाणारा देवमण भोवरा शोधतो, बाकीचे भोवरे तपासतो, चाल बघतो. घोडा गरीब दिसावा म्हणून गुंगीचं औषध टोचलंय का, हे कळायला रक्त मात्र कुणीच तपासत नाही, आणि मला हे मनापासून खटकतं.

ओळखीतल्या एका शेतकऱ्यानं तिथून घोडी आणली. विकणारा म्हणे, "गरीब शे भाऊ, पोरले बी बसाडी द्या." खरंच, मान खाली, खालचा ओठ लोंबलेला, शेजारी ढोल वाजतोय तरी कान हलत नव्हता. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी खरारा करणाऱ्या पोराला तिनं अशी लाथ घातली की मनगट मोडलं. तिला काही टोचलं होतंच, असं मी म्हणणार नाही. पण होतं की नव्हतं, हे ठरवायला हातात काहीच उरलं नव्हतं.

कारण वेळ निघून गेली होती. झायलाझीन हे डॉक्टरांचं रोजच्या वापरातलं औषध, टाके घालताना घोडा शांत राहावा म्हणून देतात. त्याची गुंगी फार तर तास-दोन तास टिकते आणि रक्तातूनही ते झपाट्यानं उतरतं. एसप्रोमाझीन हे असंच शांत करणारं दुसरं औषध, ते त्याहून जास्त वेळ राहतं. रेसर्पीन हे शांत करणारं औषध तर आपल्या सर्पगंधा वनस्पतीतलं. त्याचा असर कित्येक दिवस राहतो, पण मात्रा इतकी कमी असते की साध्या तपासणीत सापडत नाही, मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणजे अगदी सूक्ष्म मात्राही पकडणारी यंत्र-तपासणी लागते. रेसच्या घोड्यांची तशी तपासणी होतेच. ब्रिटनमध्ये खरेदीआधीच्या तपासणीत घोड्याचं रक्त काढून 6 महिने जपून ठेवतात आणि तक्रार आली तरच तपासतात. खर्च वाचतो, आणि विकणाऱ्यालाही वचक बसतो.

आपल्याकडे हे अवघड का असावं? ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीसाठी घोड्यांचं रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातंच की! सुई टोचायचीच आहे, तर सौद्याच्या वेळी आणखी दोन नळ्या भरायला काय हरकत आहे? यात्रेत एक टेबल, एक पशुवैद्यक आणि एक डीप फ्रीज एवढं पुरे. प्रामाणिक व्यापाऱ्याचा तर यात फायदाच आहे, त्याच्या घोड्यावर उगाच संशय येणार नाही.

तोवर आपणच डॉक्टरांना सोबत न्या. मानेच्या शिरेतून रक्त काढून घ्या, नळ्यांवर तारीख-वेळ टाका, सील करा, दोघांच्या सह्या घ्या. विकणारा नको म्हणाला, तर इसार देऊ नका.